पद्माताईंचं हृदय आणि लर्नर मंडळी

सिडनीच्या गिरावीन उपनगरातल्या निम्म्या मराठी मंडळींना गाडी पद्माताईंनी शिकवली होती. उरलेल्यांना त्यांनी "तुला जमायचं नाही, ट्रेनने जात जा" असं तोंडावर सांगितलं होतं.

ताईंचा मधुमेह जुना. वेस्टमीड हॉस्पिटलात डॉक्टर यामिनीने त्यांच्या हृदयाची इको तपासणी केली आणि म्हणाली, "पद्माताई, हृदयाचा स्नायू थोडा ताठर झालाय. मधुमेहात होतं असं. ही नवी गोळी सुरू करू. जादाची साखर लघवीवाटे बाहेर टाकते आणि हृदयालाही जपते, असं दिसून आलंय."

"अगं, मी रोज लर्नर लोकांच्या शेजारी बसते. माझं हृदय कच्चं असतं तर केव्हाच बंद पडलं असतं!"

गोळी सुरू झाली. त्याच आठवड्यात हृषिकेशचा लेसन होता. हा पुण्याचा इंजिनिअर टेस्टला दोनदा आपटलेला. बिचारा जीव मुठीत धरून मोटरवेवर गाडी चालवत होता, तेवढ्यात ताई ओरडल्या, "डावीकडे घे!"

"ताई, एक्झिट अजून लांब आहे."

"मग जवळ आण!"

पेट्रोल पंपावर गाडी थांबते न थांबते तोच ताई दार उघडून पळत सुटल्या. हृषिकेशने कपाळाचा घाम पुसत बायकोला फोन लावला. "मैथिली, संपलं सगळं. ताईसुद्धा माझ्या ड्रायव्हिंगला घाबरून पळून गेल्या."

असं आणखी दोन-तीनदा झालं आणि ताईंनी गुपचूप गोळी बंद केली. साखर बाकीच्या गोळ्यांनी आटोक्यात होतीच. मग सारखं टॉयलेट शोधायला लावणारी, धंद्याच्या आड येणारी ही ब्याद कशाला?

काही आठवड्यांनी स्टेशनचा जिना चढताना त्यांना मध्येच कठडा धरून उभं राहावं लागलं. धाप काही केल्या थांबेना. संध्याकाळी चपला पायात शिरेनात. तेव्हा मात्र त्या घाबरल्या.

"गोळी घेताय ना?" यामिनीने विचारलं.

ताई छताकडे बघू लागल्या.

"ताई, ती फक्त साखरेसाठी दिली नव्हती. अंगात पाणी साचू नये, हृदयावरचा भार हलका व्हावा, म्हणून होती. बंद करण्याआधी मला विचारायचं तरी!"

"गाडीत बसून शिकवू कशी गं मी?"

"पहिले काही दिवस जास्त जाणवतं. तोवर रस्ते बदला."

ताईंनी गोळी पुन्हा सुरू केली आणि रस्ते बदलले. लायब्ररी, पार्क, शॉपिंग सेंटर... जिथे टॉयलेट, तिथे पार्किंगचा सराव. ताई आत जाऊन येईपर्यंत हृषिकेश तीच गाडी पार्किंगच्या जागेत चार वेळा आत-बाहेर करायचा. मोटरवेवरची त्याची भीतीही गेली, कारण ताईंच्या घाईपुढे बाकीची वाहनं त्याला अगदीच निरुपद्रवी वाटू लागली. तिसऱ्या टेस्टला ऑस्ट्रेलियन परीक्षकाने त्याच्या पार्किंगचं कौतुक करून विचारलं, "कुठे शिकलास, मेट?" हृषिकेशने प्रामाणिकपणे सांगितलं, "टॉयलेटसमोर."

वर्षभराने पुन्हा इको झाली. यामिनी पडद्याकडे बघत असताना ताईंनी श्वास रोखून धरला होता. इतका, की तिला "श्वास घ्या" असं सांगावं लागलं.

"बिघडलेलं नाहीये," ती म्हणाली. "किंचित सुधारणाच आहे. सगळं श्रेय गोळीला देता येणार नाही हं. तुम्ही चालायलाही लागलात ना?"

"चालायला?" ताई उठून पर्स शोधत म्हणाल्या. "पळायला म्हण! आणि आता सांग, इथलं टॉयलेट कुठेशी आहे?"