ब्रोमीनच्या पाण्याची बाटली

कॉलेजांत विद्यार्थ्यांच्या निवडणुका अजून होत होत्या, त्या नव्वदीच्या सुरुवातीच्या काळातली ही गोष्ट. नाशिक रोडच्या बाजूच्या एका कॉलेजात मी रसायनशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर होते. नुकतीच एम.एस्सी. झालेली, अंगकाठी किरकोळ, राग मात्र नाकाच्या शेंड्यावर.

त्या दिवशी असंतृप्त संयुगं ओळखायचं प्रॅक्टिकल होतं. परीक्षानळीत ब्रोमीनचं पाणी थेंबथेंब टाकायचं. नारिंगी रंग उडाला की पदार्थ असंतृप्त. त्या वासानं घसा धरतो, म्हणून मुलं रुमालानं नाक झाकून काम करत होती. मी मोठ्या बाटलीतून लहान बाटल्या भरत होते.

बॅचमध्ये सायखेड्याचा एक मुलगा होता, घरची भाजीची आणि फुलांची शेती असलेला. तो जनरल सेक्रेटरीच्या जागेला उभा होता आणि समोरच्या गटानं त्याला आधीच दम दिला होता. अर्ज मागे घ्यायची मुदत त्याच संध्याकाळी संपत होती. तो काही मागे घेणार नव्हता.

दुपारी हॉकी स्टिका घेऊन पाच जण आत घुसले. पुढच्यानं येता येता टेबलावरच्या परीक्षानळ्यांचा चुराडा केला. बाकीची मुलं भिंतीला चिकटली. त्या पाच जणांनी सायखेड्याच्या मुलाचं मानगूट धरून त्याला ओट्यावर दाबलं, अर्ज मागे घेतल्याचा कागद समोर ठेवला आणि सही कर म्हणाले.

"नाय करणार," तो म्हणाला.

पाठीत स्टिक बसली. पुन्हा तेच उत्तर. मग तोंडावर बसली, ओठ फुटला, रक्त कागदावर सांडलं, तरी तेच उत्तर.

माझं डोकं फिरलं. मोठ्या बाटलीचं बूच काढून मी पुढे झाले आणि जो हलेल त्याचं थोबाड जाळून टाकीन म्हणाले. वास पसरला तसे चौघे मागे सरकले. प्रयोगशाळेचं तोंड न पाहिलेली ती मंडळी, त्यांना बाटलीतलं सगळंच अ‍ॅसिड वाटत होतं. पाचवा मात्र माझाच गेल्या वर्षीचा विद्यार्थी, बॅचमधला सगळ्यांत हुशार. खरं ब्रोमीन गडद तांबूस असतं आणि कातडी जाळतं, हे पाणी तसं काही करत नाही, हे त्याला मीच शिकवलं होतं.

तो हसला. "मॅडम, हे पातळ आहे."

माझ्या हातातून बाटली घेऊन त्यानं बूच लावलं आणि ती नीट फळीवर ठेवली. मग मित्रांना म्हणाला, उरका लवकर.

त्यांनी त्या मुलाचा उजवा हात ओट्यावर पसरला आणि त्यावर स्टिक घातली. एकदा घालून थांबले नाहीत. हाड मोडल्याचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. तो गुरासारखा हंबरला. धाप जराशी बसल्यावर म्हणाला, "आता सही कशानं करू?"

हे त्यांच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. माझा विद्यार्थी चिडला, डाव्या अंगठ्याचा ठसा घ्या म्हणाला आणि शाई शोधायला वळला. तो परत माझ्याकडे फिरला तेव्हा बाटली माझ्या हातात होती. कातडी जाळायला ते पाणी पातळ होतं, डोळ्यांसाठी पुरेसं होतं. मी ते सगळं त्याच्या तोंडावर मारलं.

त्याची किंकाळी ऐकून चौघेही पळाले. कागद तिथेच पडला, अर्ज कायम राहिला. दोन मुलांनी सायखेड्याच्या मुलाला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. त्याची दोन बोटं पुढे कधीच सरळ झाली नाहीत.

मी माझ्या विद्यार्थ्याचे केस धरले, त्याचं डोकं बेसिनमध्ये नळाखाली घातलं आणि बोटांनी पापण्या फाकवून डोळे धुऊ लागले. तो माझं मनगट घट्ट धरून होता.

"मॅडम, मला दिसेल ना?" तो रडत विचारत होता. पुन्हा पुन्हा विचारत होता.

पाणी वेळेवर मिळालं होतं. त्याला दिसणार होतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी नळ आणखी मोठा सोडला आणि त्याला काहीही सांगितलं नाही.