वाळूची पोती आणि शेजारची सीट

माझ्या गाडीचं सर्व्हिसिंग होईपर्यंत मी गॅरेजमध्ये बसून होतो. समोर एका तरुणाची लाल गाडी होती. रेसच्या ट्रॅकवर पळवायची म्हणून त्याने तिला नवं, कडक सस्पेन्शन बसवून घेतलं होतं. चारही चाकांवर भार नीट पडेल असा तोल लावण्यासाठी मेकॅनिकने ड्रायव्हरच्या सीटवर त्या तरुणाच्याच वजनाची वाळूची पोती ठेवली होती. वर बेल्टही लावला होता. पोती मोठी शहाण्यासारखी बसली होती.

तरुणाची बायको जरा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "आणि माझं वजन?"

"अगं, ट्रॅकवर मी एकटाच असतो."

"आणि घरी जाताना?"

मेकॅनिक पाना पुसत राहिला.

मला वाटलं, माणसंही आपला तोल असाच एकेकट्याने लावून घेतात आणि जिवापाड जपतात. मग शेजारी कुणी येऊन बसलं, की त्यांना काहीतरी बिघडल्यासारखं वाटतं.

पोती उतरवली. तो बसला, मग ती बसली. गाडी डावीकडे किंचित झुकली आणि मेकॅनिकच्या कपाळाला आठी पडली. तिने मात्र काच खाली केली आणि ऐसपैस पाय पसरले.