सुरी थांबते ते वाक्य

दॉ मे न्वे यांची आणि माझी ओळख वासावरून झाली, आणि सुरुवातीला ती काही फार गोड नव्हती. महायुद्ध संपून दहाएक वर्षे झाली होती. वनस्पतिशास्त्रात संशोधन करण्यासाठी मी पुण्याहून हॅम्बर्गला आले होते. एका वृद्ध बाईंच्या घरात वरच्या मजल्यावर खोली मिळाली. समोरच्या खोलीत ब्रह्मदेशातल्या एक बाई राहतात, विद्यापीठात आपली भाषा शिकवतात आणि कादंबऱ्या लिहितात, एवढेच घरमालकिणीने सांगितले होते. स्वयंपाकघर दोघींत एक. तिथे माझी हिंगाची फोडणी आणि त्यांचे न्गापी, म्हणजे आंबवलेल्या मासळीचे वाटण, यांची गाठ पडली. त्याच संध्याकाळी घरमालकीणबाई धापा टाकत जिना चढून आल्या. "आल्झो, ऐका, माझं घर आहे हे, बंदर नाही!" एवढे बोलून त्या खाली गेल्या. दॉ मे न्वे यांना वाटले मी तक्रार केली. मला वाटले त्यांनी.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या दारावर टकटक केले. हातात एक लाखेची ताटली होती. तीत काळपट हिरवी पाने, तळलेला लसूण, तीळ आणि शेंगदाणे. "घ्या," त्या इंग्रजीत म्हणाल्या. आता पुण्याच्या मुलीला कोणी काही देऊ केले तर पहिल्यांदा ती काय म्हणणार? "नको नको, कशाला उगाच!" मी म्हटले, आणि दुसऱ्या आग्रहाची वाट पाहत उभी राहिले. आग्रह झाला नाही. त्यांनी मान लववली, ताटली उचलली आणि त्या निघून गेल्या. पुढे बरेच दिवस आम्ही स्वयंपाकघरात एकमेकींना अनोळखी माणसांसारख्या वाट करून देत होतो.

उलगडा झाला तो त्यांच्या भेटीला आलेल्या एका ब्रह्मी खलाशामुळे. ती पाने म्हणजे लाफे, मुरवलेला चहा. त्यांच्याकडे भांडण मिटवायचे असेल तर लाफे पुढे करतात. समोरच्याने खाल्ले तर भांडण संपले. नाकारले तर ते चालूच राहिले. मी कपाळावर हात मारून घेतला आणि धावत जाऊन त्यांना आपल्याकडच्या 'नको नको'चा खरा अर्थ समजावला. दॉ मे न्वे इतक्या हसल्या, की त्यांना खुर्ची धरावी लागली. "म्हणजे तुमच्याकडे 'नको' म्हणजे 'पुन्हा विचारा'? मग तुमच्या मुली लग्नाला नाही कशा म्हणतात?" मी म्हटले, "म्हणतच नाहीत, हीच तर पंचाईत आहे." ताटली पुन्हा आली. त्या दिवसापासून मी त्यांना नुसते 'दॉ' म्हणू लागले. आपण वडीलधाऱ्या बाईला 'मावशी' म्हणतो, तसाच काहीसा तो शब्द आहे.

माझ्यासाठी त्यांनी एक वेगळे पातेले आणले आणि त्याच्या कानाला लाल दोरा बांधला. त्या पातेल्याला मासळीचा स्पर्श कधी झाला नाही. माझे वडील गेल्याची तार आली तेव्हा मी चुलीकडे फिरकलेही नाही.  दॉ यांनी लाल दोऱ्याच्या पातेल्यात मऊ भात शिजवून, वर तूप म्हणून तिथले लोणी घालून, तो समोर ठेवला आणि मी जेवेपर्यंत त्या बसून राहिल्या. मी तोपर्यंत रडले नव्हते. त्या भाताजवळ रडले.

त्यांच्या कामाविषयी अधिकाराने लिहिणारे या गौरवग्रंथात पुष्कळ आहेत. मला त्यांची फक्त एक रीत ठाऊक आहे, पण ती आतून ठाऊक आहे. दॉ सकाळी लिहिलेले पान संध्याकाळी स्वयंपाकघरात वाचून दाखवत, तिथल्या तिथे इंग्रजी करून. ऐकणाऱ्याने कांदा चिरायचा. त्या माझ्या तोंडाकडे पाहत नसत, हाताकडे पाहत. "तोंड शिष्टाचार पाळतं," त्या म्हणत, "हात पाळत नाही." सुरी आपोआप थांबली तर ते वाक्य राहायचे. नुसतीच चिरत राहिली तर त्यावर काट. माझ्या प्रबंधाचीही हीच परीक्षा त्यांनी घेतली, तेव्हा कांदा त्यांनी चिरला. पहिली दोन प्रकरणे सुरी एकदाही थांबली नाही! मी फार चिडले, आणि मग दोन्ही प्रकरणे नव्याने लिहिली.

त्यांच्या ज्या कादंबरीमुळे जर्मन वाचकाला त्यांचे नाव कळले, ती त्याच स्वयंपाकघरातल्या टेबलावर जर्मन झाली. अनुवादक फ्राऊ लोरेन्त्स यांचे वडील तांदळाचे व्यापारी, त्यामुळे बालपण रंगूनला गेलेले. दर शनिवारी त्या येत. कादंबरीची नायिका बाजारात सुक्या मिरच्या विकते. शेवटच्या प्रकरणात बाँब पडून तिचे दुकान जळते. दुसऱ्या दिवशी ती येते, दुकान नाही तिथे दुकानासमोरची जागा झाडते, आणि बसते. एवढाच शेवट.

प्रकाशकाला तो पटला नाही. ती रडली पाहिजे, नाहीतर आम्ही छापणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. फ्राऊ लोरेन्त्स यांनी एक परिच्छेद रचून आणला. "हो, मला माहीत आहे तुम्हाला आवडणार नाही. पण इतकं सगळं गेल्यावर कोण रडत नाही? इथल्या वाचकाला ती दगडाची वाटेल."

"ती रडत नाही," दॉ म्हणाल्या.

"मग पुस्तक निघणार नाही."

दॉ यांनी अगदी हळू विचारले, "या शहरावर बाँब पडले तेव्हा तुम्ही इथेच होतात. तुम्ही रडलात?"

फ्राऊ लोरेन्त्स यांनी कागद गोळा केले, कोट घातला आणि त्या गेल्या. पुढचा शनिवार रिकामा गेला. त्याच्या पुढचाही. इतक्या वर्षांचे काम अधांतरी लटकले होते, पण दॉ यांना सलत होते ते वेगळेच. "मी तिच्या जखमेवर बोट ठेवलं," त्या म्हणाल्या. "वाक्य वाचवण्यासाठी असं करायचा मला अधिकार नव्हता." तरी शेवट बदलायला त्या तयार नव्हत्या. दर शनिवारी त्या टेबलावर लाफेची ताटली मांडत आणि संध्याकाळी झाकून ठेवत. मला त्यांचा रागही येई आणि त्यांच्यासाठी जीवही तुटे.

मग एका पावसाळी शनिवारी फ्राऊ लोरेन्त्स दारात उभ्या राहिल्या. मी कांदा चिरत होते. त्यांनी कोटही काढला नाही.

"आमच्या घराच्या फक्त पायऱ्या उरल्या होत्या," त्या म्हणाल्या. "माझा नवरा आतच होता. सकाळी मी शेजारणीकडून झाडू मागून आणला आणि त्या पायऱ्या झाडल्या. वर घर नव्हतं. लोक बघत होते. मी का झाडत होते, ते मी आजवर कोणाला सांगू शकले नाही." मग त्या म्हणाल्या, "नाही. मी रडले नाही."

माझी सुरी केव्हा थांबली होती, मला कळलेही नव्हते. दॉ यांनी ताटली पुढे सरकवली. फ्राऊ लोरेन्त्स रंगूनला वाढलेल्या, त्यांना अर्थ सांगावा लागला नाही. चमचा बाजूला ठेवून त्यांनी तीन बोटांनी पाने उचलली आणि खाल्ली. मग दॉ यांनीही खाल्ली. 

सोमवारी फ्राऊ लोरेन्त्स स्वतः प्रकाशकाकडे गेल्या. शेवट आहे तसा राहील, नाहीतर दुसरा अनुवादक शोधा, असे त्यांनी सांगितले. खूप वाद झाला म्हणे. पण पुस्तक निघाले, आणि नायिका त्यात झाडते आणि बसते. पुढे वाचनाच्या कार्यक्रमांना मी दॉ यांच्याबरोबर जात असे. ते पान आले, की पिशव्यांशी चाळा करणाऱ्या बायकांचे हात थांबलेले मी पाहिले आहेत.

दॉ यांना मोठेपण चिकटवलेले आवडत नाही, म्हणून जे पाहिले तेवढेच लिहिले. या ग्रंथात ज्याने त्याने आपापल्या भाषेत लिहावे, ही त्यांचीच अट. मी पुढच्या महिन्यात हॅम्बर्गला जाणार आहे. हा लेख मी त्यांना इंग्रजी करून वाचून दाखवीन आणि कांदा त्या चिरतील. त्यांचे डोळे, त्यांचे गुडघे, त्यांची ती खुर्ची धरून हसण्याची ताकद पुढची पुष्कळ वर्षे अशीच राहो. त्यांच्या टेबलावर रोज नवे पान असो आणि समोर कांदा चिरायला कोणीतरी बसलेले असो. माझ्या लेखात त्यांची सुरी एकदाही थांबली नाही तर मी थोडी खट्टू होईन, हे खरे. पण मग त्या ताटली पुढे करतील, आणि या वेळी मी 'नको नको' म्हणणार नाही.