सबनीसबाईंचा टोपीवाला

आमच्या सोसायटीतल्या सबनीसबाईंच्या घरी चहा मिळायचा, पण त्याआधी उंबऱ्यात उभं राहून समोरच्या भिंतीवरचं चित्र बघावं लागे. सगळी हयात शाळेत चित्रकला शिकवण्यात गेलेली. पाहुणा आणि विद्यार्थी यांत त्या फरक करत नसत. चित्र म्हणजे एका परदेशी इम्प्रेशनिस्ट चित्राची छापील प्रत. भर गर्दीचा ओला रस्ता, घोडागाड्या, आणि माणसांच्या जागी ब्रशचे नुसते काळपट फटकारे.

पहिल्यांदा गेले तेव्हा मी फोन काढून चित्राचा एक कोपरा मोठा करून बघायला लागले. बाई म्हणाल्या, "फोन ठेव. जवळून नुसता रंग दिसतो. रस्ता बघायचा तर उंबऱ्यात जा." उंबऱ्यातून बघितलं आणि मी दाराची चौकट घट्ट धरली. तो सगळा रस्ता चालायला लागला होता.

त्याला कारण होतं. वाघोलीत आमच्या सोसायटीसमोरच, उलट्या बाजूने आलेल्या मोटारसायकलने मला उडवलं होतं. हाड सांधलं, भीती गेली नाही. खराडीच्या ऑफिसची बस पलीकडून सुटायची, म्हणून मी रिक्षा करून लांबच्या वळणावरून फिरून समोर उतरायचे. "ताई, समोरच तर हाय की," रिक्षावाला म्हणायचा. रिक्षा मिळाली नाही की बस चुके. अशा इतक्या चुकल्या, की आता नोकरीवर पाणी सोडायची वेळ आली होती.

बाईंना हे सांगितलं, तर सहानुभूती वगैरे काही नाही. "घाबरतेस ते उत्तम. न घाबरणारे हाडांच्या डॉक्टरकडे भेटतात." मग म्हणाल्या, "चित्रातला एक फटकारा निवड आणि त्याला पलीकडे पोचव. गर्दी बघू नकोस, फट बघ." हा आमचा रोजचा उद्योग झाला. कुठली गाडी आधी जाईल, कुठे थांबायचं, हे मी उंबऱ्यातून ठरवायचे. एकदा दिव्याच्या खांबापाशी उभा असलेला टोपीवाला निवडला, तर बाई एकदम तुटक आवाजात म्हणाल्या, "तो सोडून. तो माझा आहे."

एका सकाळी मी रस्त्याच्या कडेला नेहमीसारखी थिजून उभी होते. पलीकडून बाई भाजी घेऊन येत होत्या. मध्यावर त्या थांबल्या. अलीकडच्या बाजूने टँकर येत होता, त्यांच्यामागे पलीकडच्या बाजूला बस हॉर्न वाजवत होती आणि बाई पिशवी छातीशी धरून, डोळे मिटून उभ्या. मी रस्ताभर नजर फिरवली. तेवढ्यात टँकरच्या मागची फट दिसली. तो गेला तशी हात वर करून मी घुसले. बाईंचा हात धरला आणि पुढची फट बघून दोघी निघालो.

अलीकडे आल्यावर त्या कठड्यावर बसल्या. म्हणाल्या, "आमचे हे इथेच गेले. टोपी घालायचे. मी ह्याच बाजूला उभी होते गं." मग पिशवीतली कोथिंबीर नीट करत म्हणाल्या, "म्हणून चित्रात तरी रोज पोचवते त्यांना."

गेल्या वर्षी बाई आजारपणात, घरीच गेल्या. चित्र माझ्याकडे आलं. सकाळी पर्स खांद्याला लावून मी उंबऱ्यात उभी राहते आणि आधी टोपीवाल्याला पलीकडे पोचवते. मग मी खाली उतरते. भीती अजून वाटते, पण बस चुकत नाही.