विहिरी मोजायच्या नाहीत

आमच्याकडे विहीर किती खोल ते परसांत सांगतात. माणूस हात वर करून उभा राहिला की एक परस. भूगोलाच्या मुलींना मी तेच माप दिलं, दोराला गाठी मारायला लावल्या आणि म्हटलं, आपापल्या गावातल्या विहिरी मोजून या. क्षेत्र अभ्यास विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातच आहे. मी काही बंड पुकारलं नव्हतं.

त्यातली एक सातपुड्याच्या पायथ्याची, घरातून कॉलेजात आलेली पहिलीच. तिने गावातली एकूण एक विहीर मोजली, पूर्वी पाणी कुठवर असायचं ते म्हाताऱ्यांना विचारून आली. "आते पानी कोठे शे?" आता पाणी राहिलंय कुठे, म्हणत तेच तिला वाट दाखवत फिरले. केळीच्या बागेत बोअर खोल गेले, तशा शेजारच्या विहिरी आटल्या, असं तिला दिसलं. बाग आमच्या संस्थेच्या अध्यक्षांची. त्यांना सगळे नाना म्हणतात. झालं, प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"मॅडम, नानांच्या बागेजवळच्या विहिरी कशाला मोजायला लावल्या?"

"तिथे विहिरी आहेत म्हणून."

"तुम्ही तासिका तत्त्वावर आहात, जरा लक्षात ठेवा. विषय बदला. केळीचं आहारातलं महत्त्व द्या."

माझं डोकंच फिरलं. भूगोलात आहार? म्हणजे यांच्या कुंपणाबाहेरचं तेवढंच ज्ञान, आतलं नाही. मी सरळ सांगितलं, विषय बदलणार नाही. पोरगी चुकली असेल तर सगळ्यांसमोर खोडून काढा, त्यालाच तर शिकणं म्हणतात.

"मग पुढच्या वर्षी तुमच्या तासांचं बघू," ते म्हणाले. बघा म्हटलं.

सादरीकरणाला जळगावहून परीक्षक आले. पोरगी उभी राहिली आणि केळीतली जीवनसत्त्वं सांगायला लागली, मोबाइलवरून उतरवलेली, अडखळत. परीक्षकांनी जांभई दिली आणि चांगले गुणही दिले.

बाहेर येताच मी तिला गाठलं. "अगं, विहिरी कुठे गेल्या?"

"प्राचार्य सरांनी बोलावलं होतं," ती खाली बघत म्हणाली. "तू बोललीस तर मॅडमचे तास जातील, म्हणाले. तुम्ही राहिल्या तर पुढच्या वर्षी दुसरी कोणी मोजेल ना, मॅडम."

तिच्यावर रागावताही येईना. तिची माझ्यावरची मायाच त्यांनी तिच्या तोंडात बोळ्यासारखी कोंबली होती. संताप होतो, अजूनही होतो.

पुढच्या वर्षी क्षेत्र अभ्यासाचे विषय प्राचार्यांनीच ठरवून दिले. त्यात विहीर नव्हती. तास मात्र मला पूर्ण मिळाले.