कोरडा राहणारा दत्तादा

दत्तादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंधेरीच्या ऑफिसात तक्रारींच्या यादीसमोर बसलो होतो. बाहेर पाऊस, आत एसी. फोनवर आमचाच एक मेकॅनिक होता. सकाळी हॉस्पिटलातच गेला, एवढंच त्यानं सांगितलं. फोन ठेवल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते लिहायची लाज वाटते, पण लिहितो. आता मुलुंड-भांडुपच्या लिफ्टांची लाइन कोणाला द्यायची, हे आलं... रडू नंतर आलं, बऱ्याच वेळानं.

दत्ताराम परब लिफ्ट दुरुस्त करायचा. मूळचा कणकवलीकडचा, राहायला घाटकोपरला. माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. उपनगरांतला एकही रस्ता असा नसेल की जिथून त्याची मोटरसायकल भर पावसात गेली नाही. मी कंपनीत नवा लागलो त्या पावसाळ्यात एकदा जोगेश्वरीहून पवईला निघालो आणि अंगावर रेनकोट असूनही बनियनपर्यंत भिजलो. तसाच एका मोठ्या ऑफिसात शिरलो. तिथल्या एसीत पाच मिनिटांत माझे दात वाजायला लागले, हातातला स्क्रू ड्रायव्हर हलायला लागला. आधीच तिथे आलेला दत्तादा मला दंडाला धरून गच्चीवर लिफ्टच्या मशीन रूममध्ये घेऊन गेला. तिथे मोटरची ऊब असते. त्यानं मला शर्ट काढायला लावला, स्वतःच्या पिशवीतला कोरडा शर्ट दिला आणि म्हणाला, "पावसानं माणूस आजारी पडत नाही रे संज्या. ओल्या अंगानं एसीत गेला की पडतो."

त्या दिवसापासून मी त्याचा चेला झालो. पाणी रेनकोटातून कमी आणि मानेतून जास्त शिरतं, म्हणून गळ्याभोवती घट्ट पंचा गुंडाळायचा. शर्टाच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी ठेवायची, वारा लागत नाही. मोज्यांवरून दुधाच्या धुतलेल्या पिशव्या, मग बूट. पँट बुटाच्या आत कधीच खोचायची नाही, नाहीतर बुटाची बादली होते. भांडी घासायचे रबरी हातमोजे आत आणि रेग्झिनचे वरून, म्हणजे ब्रेकवरची बोटं बधिर होत नाहीत. कपड्यांचा एक जोड दोन पिशव्यांत बांधून डिकीत. लोक त्याला हसायचे. मीही हसायचो, पण करायचो सगळं तो सांगेल तसं. आरेच्या रस्त्यानं पहाटे दोघं गाड्या चालवत निघालो की सिग्नलला तो मागे वळून माझ्या मानेकडे बघायचा. पंचा सैल दिसला की हातानंच खूण करायचा.

पुढे मी सुपरवायझर झालो. माझ्याकडे डिप्लोमा होता, त्याच्याकडे नव्हता. दुसऱ्याच दिवसापासून तो मला साहेब म्हणायला लागला, अहोजाहो करायला लागला. नको म्हणावंसं मला वाटलं होतं... पण म्हटलं नाही. बरंही वाटत होतं ते.

मग अंधेरीच्या एका सोसायटीत एक प्रकार झाला. लिफ्टच्या खालच्या खड्ड्यात पाणी साचलं होतं. ते उपसून झालं, लिफ्ट चालू करायला हरकत नाही, असं मी न बघताच कागदावर लिहून सही केली होती. दत्तादानं वाकून टॉर्च मारला आणि सेक्रेटरी आणि दहा-बारा रहिवाशांसमोर म्हणाला, "साहेब, खाली अजून पाणी आहे. मी चालू करणार नाही." आवाज चढवला नव्हता, टोमणाही नव्हता. तो बरोबर होता, एखाद्याला शॉक बसला असता. पण सेक्रेटरी माझ्याकडे बघून हसला, आणि ते हसू मी घरी घेऊन गेलो.

त्यानंतर मी काय केलं ते ऑफिसात कुणाला कळलं नाही, कारण त्यात नियमाबाहेरचं काहीच नव्हतं. तक्रारी वाटायचं काम माझं. जवळच्या तक्रारी मी बाकीच्यांना द्यायचो आणि लांबच्या दत्तादाला. सकाळी मुलुंड, दुपारी बोरिवली, तिथून मानखुर्द. कपडे वाळायच्या आत पुढचा फोन. किती कोरडा राहतोस ते बघू, असं मी मनात म्हणायचो. जून गेला, जुलै गेला. त्यानं एकदाही विचारलं नाही. मला त्याचाच जास्त राग यायचा.

ऑगस्टमध्ये एका दुपारी मढच्या बंगल्यातून तक्रार आली. शूटिंगला भाड्यानं देतात तसला बंगला, त्यात दोन मजल्यांची लिफ्ट. लिफ्ट व्यवस्थित चालत होती. आतला बल्ब गेला होता, एवढंच. मालाडचा मेकॅनिक मोकळा होता. मी मुलुंडला फोन लावला. दत्तादा सकाळपासून तीन ठिकाणी भिजून आला होता, पिशवीतला कोरडा जोडही वापरून झाला होता. त्या दिवशी साहेब म्हणायचं तो विसरला.

"संज्या, आज नको रे. हीव भरलंय अंगात."

दोन-तीन वर्षांनी त्यानं मला त्या नावानं हाक मारली होती. समोर दोघं जण बसले होते, त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं मी म्हणालो, "दत्ताराम, पावसाचे मास्तर तुम्ही. तुम्हीच नाही म्हणालात तर कसं?" समोरचे हसले. तो हो म्हणाला. मुलुंडहून मढ, गाडीवरून, त्या पावसात... दोन तासांनी त्याचा मेसेज आला, बल्ब बदलला. मी अंगठा पाठवला.

दुसऱ्या दिवशी ताप, चौथ्या दिवशी न्यूमोनिया. मी एकदाच भेटायला गेलो. काचेपलीकडे तो दोन ब्लँकेटांखाली होता, तोंडात नळी. नर्स म्हणाली, याची थंडी जातच नाही. त्यानं डोळे उघडायच्या आत मी निघून आलो. अकराव्या दिवशी तो गेला.

त्याच्या बाराव्याला मी घरी गेलो. सुनंदावहिनींनी चहा दिला, समोर बसल्या आणि म्हणाल्या, "भावजी, एक विचारू? त्या दिवशी मढला त्यांना कोणी पाठवलं?"

मी उत्तर जमवत होतो, तेवढ्यात त्याच पुढे बोलल्या. "अंगात एवढा ताप, तरी मी भांडले त्यांच्याशी, गेलातच कशाला म्हणून. तर म्हणाले, संज्या रजेवर आहे गं. तो असता तर मला पाठवलं नसतं."

मी म्हणालो, "हो वहिनी. रजेवर होतो."

त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि माझ्या हातावर हात ठेवला.

निघताना बाहेरच्या गॅलरीत त्याचा रेनसूट दोरीवर दिसला, उलटा करून टाकलेला. वहिनींनी बोलता बोलता सवयीनं त्याच्या बाह्या झटकल्या, काखेतली शिवण चाचपून बघितली. रेनसूट आतून घामानं ओला होतो, म्हणून आतली बाजू आधी वाळवायची, हे त्यांना त्यानंच शिकवलेलं. पाऊस लागला की त्या तो आत घेतात, थांबला की पुन्हा बाहेर टाकतात. घालणारं कुणी नाही, तरी. हे छापून येतंय ती रविवारची पुरवणी वहिनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतात, हे मला माहीत आहे. वहिनी, मी रजेवर नव्हतो.