आईची कॉट आणि आबांचा स्लॅब

आधीच सांगून टाकते, म्हणजे खाली कुणी "ताई, घरात एकदा अमुक करून बघा" असले सल्ले द्यायला नकोत. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर अजूनही धड बसत नाही. आमच्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव टोपलीत भरून नीरा नदीत सोडून आले होते. तेव्हापासून आमच्यात ना अंगारा, ना उतारा, ना दृष्ट काढणं. लहानपणी मी एकदा चिंचेवर हडळ असते म्हणाले, तर वडिलांनी हाताला धरून त्याच चिंचेखाली मला अभ्यासाला बसवलं होतं. अशा घरातली मी. आता बारामतीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. दिसेल तेच लिहायचं, ही आमच्या कामाची सवय... तर जे दिसलं तेच लिहिते आहे. रागात लिहिते आहे, तेवढं सांभाळून घ्या.

आम्ही मूळचे निमगाव केतकीचे. माझा नवरा संदीप बारामतीच्या एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. लग्नानंतर आम्ही भिगवण रोडच्या आतल्या बाजूला एका बिल्डिंगमध्ये वन-बीएचके भाड्याने घेतला. सगळ्यात वरचा मजला. डोक्यावर थेट गच्ची, आणि बेडरूमच्या बरोबर वर पाण्याची टाकी. मालक कन्हेरीचे, मोठे ऊसवाले. सगळे त्यांना आबा म्हणतात, मीही आबाच म्हणायचे. घर दाखवताना त्यांनी आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, मग गावात राहायला नेमकं कुठं तेही विचारलं. हे कशासाठी विचारतात ते न कळायला मी काही कुक्कुलं बाळ नाही. तरी घर दिलं. का दिलं ते पुढे कळलं... ते वरचं घर दुसरं कुणी घेतच नव्हतं.

कारण ती टाकी गळत होती. बेडरूमच्या छताला खिडकीच्या बाजूने ओल आली. आधी रंगाचे पोपडे पडायला लागले, मग प्लॅस्टर फुगलं. मी आबांना फोन केला.

"बघू की ताई. माणूस पाठवतो."

माणूस काही आला नाही. पुन्हा फोन केला तर म्हणे, "आता कारखाना चालू हाय, तोड चाललीया. जरा दम धरा." कारखाना बंद झाला तर पुतणीचं लग्न. लग्न झालं तर, "आता पावसाच्या तोंडावर कुठं काढायचं काम?" पाऊस सुरू झाला तर, "पाऊस उघडू द्या की!" म्हणजे बघा, बारा महिन्यांत हा स्लॅब दुरुस्त करता येईल असा एकही महिना या माणसाच्या कॅलेंडरात नव्हता. भाडं मात्र एक तारखेला. दोन तारखेला फोन यायचा, "विसरला जणू ताई?"

एकदा घर बघायला आले. खालूनच मान वर केली आणि म्हणाले, "नुसता रंग सुटलाय. गज-बीज काय न्हाय उघडं पडलं. कशाला घाबरताय?" आणि चहा पिऊन गेले. दोन कप!

त्याच सुमाराला आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ती आमच्याकडे राहायला आली. येताना तिची लोखंडी कॉट टेम्पोतून आणली, कारण आईला दुसऱ्या कशावर झोप लागत नाही. जाड अँगलची जुनी कॉट, खाली चाकं वगैरे काही नाहीत. हलवायची म्हणजे मी आणि संदीप दोघंही लागायचो, आणि तरी संदीपची कंबर धरायची. ती आम्ही खिडकीखाली लावली. डोक्यावर ओल होती हे दिसत होतं, पण बाथरूमचं दार तिथून दोन पावलांवर. वॉकर घेऊन चालणाऱ्या बाईला दुसरीकडे ठेवणार कुठे? उरली ती कपाटापुढची जागा, आणि तिथे कॉट लावली तर कपाट उघडत नव्हतं.

एके दिवशी दुपारी लॅबमधून जेवायला घरी आले, तर कॉट कपाटापुढे. आई तिच्यावर आरामात पडलेली.

मला वाटलं संदीप मधेच येऊन गेला. संध्याकाळी त्याला म्हटलं, "कॉट कशाला हलवलीस? एकट्याने ओढलीस तर कंबर मोडेल ना!" तो म्हणाला, "मी कशाला हलवू? मी कंपनीत होतो." दोघांनी मिळून परत खिडकीखाली ढकलली. दोन दिवसांनी पुन्हा तेच. या वेळी तो माझ्यावर भडकला. साफसफाई करायची तर निदान परत जागेवर लावत जा म्हणे! आमचं चांगलंच वाजलं. आई वॉकरला धरून बघत उभी.

"अगं, तू तरी सांग, कोण सरकवतं?"

"मला काय म्हाईत? माझा डोळा लागला हुता. जागी झाले तर हितं." मग जरा थांबून म्हणाली, "लहानपणी पाळण्यात असल्यावानी वाटलं बघ. कुणीतरी हाय चांगलं."

मला रागच आला. "आई, आपल्या घरात असलं बोलतात का?"

"मी कुठं देव म्हनले? कुणीतरी म्हनले."

संदीपने त्याच्या परीने शोध लावला. रस्त्याने उसाच्या ट्रॉल्या जातात, बिल्डिंग हादरते, फरशीला उतार असणार, म्हणून कॉट सरकते. मला पटलं. पटायलाच हवं होतं. मग त्याने फरशीवर गोटी सोडली. गोटी बाथरूमकडे पळाली. म्हणजे उतार बाथरूमकडे, आणि कॉट जात होती उलट्या बाजूला, चढाला! बरं, फरशीवर ओरखडा नाही. खालच्या मजल्यावर कधी काही घासल्याचा आवाज गेला नाही. उसाचा हंगाम संपला, ट्रॉल्या थांबल्या, कॉट काही थांबली नाही. अधूनमधून, दुपारचं, आई झोपलेली असताना.

तुम्ही म्हणाल, मग तिथेच राहू द्यायची होती. अहो, त्या आजारी बाईला बाथरूमला जायचं असायचं! आम्ही आपले दर वेळी ढकलून जागेवर.

त्या रविवारी मी घरीच होते. संदीपची शिफ्ट होती. सकाळी निघण्यापूर्वी आम्ही दोघांनी कॉट परत खिडकीखाली लावली, हे मला पक्कं आठवतं, कारण त्यात माझा अंगठा चेमटला. आईला तिच्यावर निजवलं, घराच्या दाराला आतून कडी घातली आणि स्वयंपाकघरात भाकरी थापायला घेतल्या. तवा तापतोय तोवर बेडरूममधून असा धडाका झाला... भांड्यांच्या मांडणीतली ताटं खाली आली. मी पिठाच्या हाताने धावले. आत पांढरा धुरळा, काही दिसेना. मी नुसती "आई, आई" करतेय.

"हाय गं मी. वरडू नको."

कपाटापुढे कॉट. कॉटवर आई, केसांपासून पायापर्यंत पांढरीफटक, डोळे तेवढे काळे. आणि खिडकीखाली, जिथे मी तिला माझ्या हाताने निजवलं होतं तिथे, मांडीएवढी जाड प्लॅस्टरची आणि काँक्रीटची ढेकळं. वर गंजलेले गज उघडे लोंबत होते. एक ढेकूळ मी नंतर उचलून बघितलं. दोन्ही हातांनी धड उचलेना.

मी खाली बसले आणि रडले. भीतीने नाही हो, संतापाने. माझी आई उशीएवढ्या जागेने वाचली होती आणि वाचवणाऱ्यांत तो माणूस नव्हता ज्याच्या खिशात या छताचं भाडं जात होतं.

आबा आले. दारात उभं राहून वर बघितलं. माझी आई समोर बसलेली, तिच्या भुवयांत अजून चुना. आणि हा गृहस्थ पहिलं वाक्य काय बोलला माहीत आहे?

"पंखा वाचला न्हवं?"

मी तोंड उघडणार तोच आईने तिच्या भोळेपणाने कॉटची सगळी गोष्ट त्यांना सांगून टाकली. आबांचे डोळे मोठे झाले. मान हलवत म्हणाले, "असं व्हय... मग घरात कायतरी हाय. आता मात्र करायलाच पायजे."

मला वाटलं, चला, घाबरला तरी. आता गवंडी येईल. दुसऱ्या दिवशी बेल वाजली. सिमेंटची गोणी मागितली होती, माणूस नारळ घेऊन आला! सोबत एक भटजी, पिशवीत लिंबं, दारावर टांगायला काळी बाहुली. वर गज लोंबतायत आणि खाली यांची शांती चाललीय.

"तुमच्यात करत न्हाईत, ठावं हाय मला," आबा म्हणाले, "पर घर माझं हाय."

मी काय बोलले असते देव जाणे... म्हणजे बोलण्याची पद्धत आहे ही, उगाच धरू नका. पण आईच बोलली. वॉकर ठोकत पुढे आली आणि म्हणाली, "आबा, ज्यानं माझी खाट सरकवली त्याची शांती कशापायी? त्यानं काय वाकडं केलंय कुणाचं? वरलं भोक बुजवा आधी."

भटजीबुवा खाली मान घालून हसले. आबा नाही हसले.

आम्ही ते घर सोडलं. डिपॉझिटची गोष्ट काढत नाही, रक्तदाब वाढतो. नवीन घरात तीच कॉट आहे, तीच आई आहे. कॉट तसूभर हललेली नाही.

हे सगळं मी कुणाला सांगणार नव्हते. वडील असते तर त्यांनी मला पुन्हा त्या चिंचेखाली बसवलं असतं. पण मागच्या आठवड्यात लॅबमध्ये एक मुलगी आली, पूनम नावाची, मोरगावकडची. कडेवर चार-पाच महिन्यांचं बाळ. रक्त घेता घेता सहज विचारलं, कुठे राहता? म्हणाली, आबांच्या बिल्डिंगमध्ये, सगळ्यात वर.

मी सुई काढली, कापूस दाबला.

"छत केलं का गं त्यांनी?"

"हो, मस्त पीओपी केलंय ना! लाइटी पण लावल्यात." मग म्हणाली, "खिडकीकडे जरा पिवळट डाग आलाय. आबा म्हणाले, बघू पाडव्यानंतर."

म्हणजे गज तसेच गंजत सोडून वरून पीओपी चोपडलं! मी विचारलं, बाळ कुठे झोपतं? "खिडकीपाशी, पाळण्यात. पण ताई, तो पाळणा सारखा सरकतोय बघा. चाकंही नाहीत त्याला. रोज परत जागेवर ठेवते."

मी तिला तिथल्या तिथे सगळं सांगितलं. माझा नंबर दिला, म्हटलं पाळणा हॉलमध्ये ने. तर म्हणे, हॉलचा पंखा जळालाय, आबा बघतो म्हणालेत. बाळ उकाड्याने रडतं.

लॅब सुटल्यावर मी स्कूटी काढली आणि थेट कन्हेरी गाठली. आबा पोर्चमध्ये झोपाळ्यावर बसलेले. म्हटलं, "आबा, तिथे तान्हं बाळ आहे. तुम्हाला माहीत आहे वर काय आहे ते. आजच्या आज माणूस पाठवा."

ते शांतपणे म्हणाले, "ताई, उगं पोरीला घाबरवू नगा. तुमच्या आईला वाचवलंच की न्हाय त्यानं? घरात चांगलं कायतरी हाय, म्हणून तर पोराबाळावाल्याला दिलं. राखतंय की ते!"

ऐकलंत? ज्याच्यावर आमच्या घरात कुणी विश्वास ठेवत नाही, त्याच्यावर या माणसाचा इतका विश्वास, की त्यालाच राखणीला बसवून हा झोपाळ्यावर! ना पगार, ना सुट्टी. मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. झोपाळा तेवढा थांबला.

आणि आज दुपारी पूनमचा फोन आला. खुशीत होती. "ताई, दोन दिवस झाले, पाळणा हललाच नाही बघा. जागेवरच आहे. बरं झालं ना?"

"बाळ कुठे आहे?"

"पाळण्यात. झोपलंय."

"उचल त्याला! आधी उचल आणि खाली ये!" मी ओरडले, अख्ख्या लॅबने वळून बघितलं. ती बिचारी घाबरून बाळाला घेऊन खाली उतरली, मी रिक्षा करून दोघांना आमच्या घरी घेऊन आले. तिचा नवरा शिफ्ट सुटली की येईल. आबांनाही फोन केला. "पडलंय का? न्हाय ना? मग!" म्हणाले. खरं आहे, हे लिहीपर्यंत तरी काही पडलेलं नाही. उद्या सकाळी मी आणि संदीप नगरपरिषदेत तक्रार देणार आहोत. तक्रारीत कॉटचं आणि पाळण्याचं लिहिणार नाही. गजांचं लिहीन.

कॉट कोण सरकवत होतं, मला माहीत नाही. पाळणा का थांबला तेही माहीत नाही. संदीप अजून उत्तर शोधतोय, मी सोडून दिलंय. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर सांगा, फक्त नारळ-लिंबू सांगू नका.

बाळ आत्ता आईच्या कॉटवर झोपलंय. आई शेजारी बसून त्याला थोपटतेय. मघाशी मी तिला विचारलं, "आई, का थांबलं असेल गं ते?"

आई बाळाच्या अंगावरचं पांघरूण नीट करत म्हणाली, "दमलं असंल. किती दिस दुसऱ्याचं काम करायचं?"